भाताच्या मुलखातील पक्वान्ने

नाताळापासून इंग्रजी नववर्षापर्यंतच्या आठवड्यात भिलाईच्या पोलाद वसाहतीत घरोघरी मंडळी जमतात. संक्रांतीला अजून अवकाश असतो, शाळांना सुटी असते, पुण्या-बंगलोरला नोकरीस गेलेली मुले घरी आलेली असतात आणि नवा तांदूळ बाजारात उतरलेला असतो. अशा मेळाव्यात तिखटमिठाच्या जेवणाचा प्रश्न सहसा कठीण नसतो, गोडाचा मात्र असतो. ज्या घरी बंगाली, मल्याळी, तेलुगू, ओडिया, पंजाबी आणि छत्तीसगढी शेजारी एकाच वेळी येऊन बसणार, तेथे गुलाबजाम आणि बेकरीचा केक यांच्या पलीकडचे काही मांडावे, आशियाच्या पूर्वेकडील देशांतील आणि त्यातही फिलिपिन्समधील ज्या पक्वान्नांची रंगीत चित्रे हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पडतात त्यांतली दोन-चार करून पाहावीत, असे यजमानीणबाईंच्या मनात आले तर त्यात नवल नाही. नवल आहे ते हे की, या पक्वान्नांसाठी परदेशी डबे मागविण्याची त्यांना जवळजवळ गरजच नसते. कारण तांदूळ, नारळ, गूळ आणि केळीचे पान या चार जिनसांवर फिलिपिन्सच्या मिठाईचा मोठा भाग उभा आहे, आणि यांपैकी पहिला जिन्नस भिलाईच्या वेशीबाहेर मैलोगणती पसरलेला आहे.

भिलाई हे गाव मुळात दुर्ग जिल्ह्यातील एक खेडे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1955 च्या फेब्रुवारीत करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटली, आणि तेवढ्या अवधीत धानाच्या खाचरांच्या जागी सेक्टरांची आखीव वसाहत उभी राहून तीत देशाच्या साऱ्या प्रांतांतून माणसे येऊन वसली. मराठी माणसाला हा मुलूख त्यापूर्वीही अपरिचित नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली आला होता, बिंबाजी भोसले रतनपुराहून येथला कारभार पाहत होते, आणि त्या काळापासून स्थायिक झालेली मराठी घराणी रायपूर-बिलासपुरात आजही आहेत. कारखाना निघाल्यावर नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतून हावड्याच्या लोहमार्गाने आणखी मंडळी आली. परिणाम असा झाला की, एकाच रस्त्यावरच्या दहा क्वार्टरांत तांदळाची दहा प्रकारची पक्वान्ने होऊ लागली. संक्रांतीला बंगाल्याकडची पाटीसापटा आणि दुधपुली, ओडियाकडचा पोडपिठा, तेलुगू घरातील अरिसेलु, मल्याळ्याकडचा पुट्टू, आणि घरकामाला येणाऱ्या छत्तीसगढी बाईने पदराखाली झाकून आणलेला अइरसा, हे सर्व ज्या मुलाने लहानपणी चाखले, त्याला आशियाची मिठाई म्हणजे काय हे पुस्तकातून समजावून देण्याचे कारण उरत नाही.

अइरशाचेच पाहा. तांदूळ भिजवायचा, निथळून अर्धवट वाळवायचा, ओलसर असतानाच कुटायचा, गुळाच्या पाकात ते पीठ घालून घट्ट गोळा करायचा, आणि त्याच्या थापट्या तुपात किंवा तेलात तळायच्या. ओडिशातील अरिसा पिठा, आंध्रातील अरिसेलु आणि तमिळनाडूतील अदिरसम यांची कृती थोड्याफार फरकाने हीच आहे. बिहारातील अनरसाही याच कुळातला. आपला अनारसा या कुळातला असला तरी त्याने एक वेगळी वाट धरली आहे. आपण गूळ पाक न करता कच्चाच घेतो. तांदूळ तीन दिवस भिजवून रोज पाणी बदलतो, सावलीत फडक्यावर पसरून दमट राहील इतकाच सुकवतो, कुटून बारीक चाळतो, समभाग किसलेला गूळ आणि किंचित तूप घालून त्याचे गोळे डब्यात आठवडाभर मुरत ठेवतो. मुरताना त्यात जो सूक्ष्म आंबटपणा उत्पन्न होतो तोच पुढे कढईत जाळी पाडतो. खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडला की कडेपासून बारीक बुडबुडे निघू लागतात, मध्यभाग हळूहळू भोकाभोकांचा होतो. झाऱ्याने वरून तूप उडवायचे, पण उलटायचा नाही. आणि पिठात गूळ अधिक झाला किंवा ओल राहिली, की तोच अनारसा तुपात पडताक्षणी फिसकटून कढईभर पसरतो, ज्याला घरातील वडीलधाऱ्या बायका तो ‘हसला’ असे म्हणतात आणि स्वतः मात्र मुळीच हसत नाहीत. इलाज सोपा आहे: तांदळाची थोडी कोरडी पिठी मळून घ्यायची आणि आच उतरवायची. अधिक मासात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याचा शिरस्ता असल्याने या परीक्षेला बसण्याची पाळी पुष्कळ सासवांवर आली आहे. छत्तीसगढी अइरसा पाकामुळे ही परीक्षा टाळतो. त्याला जाळी कमी, पण मऊपणा अधिक.

आता समुद्रापलीकडे पाहू. फिलिपिन्स ही हजारो बेटांची भूमी. 1565 पासून 1898 पर्यंत तेथे स्पेनचा अंमल होता आणि त्यानंतर 1946 पर्यंत अमेरिकेचा. स्पॅनिश लोकांनी ख्रिस्ती धर्म, भट्टी, अंडी-लोणी यांचा मुबलक वापर आणि मेक्सिकोमार्गे मका व कसावाचे कंद आणले; अमेरिकनांनी दुधाचे डबे रूढ केले; चिनी व्यापारी त्याही आधीपासून येत होते, त्यांनी चिकट तांदळाची वडी दिली. परंतु या साऱ्यांच्या खाली जो मूळ थर आहे तो तांदळाचा आणि नारळाचा, आणि तो या आगंतुकांपेक्षा फार जुना. तेथील नाताळ जगात सर्वांत दीर्घ मानला जातो. सप्टेंबर उजाडला की गाणी आणि दिवे सुरू होतात. खरा उत्सव मात्र 16 ते 24 डिसेंबर या नऊ दिवसांचा. या नऊ पहाटा लोक अंधारात उठून चर्चला जातात, कारण कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याला उजाडण्यापूर्वीच प्रार्थना आटोपून शेतावर जाणे सोयीचे होते. आणि प्रार्थना संपवून बाहेर पडले की चर्चच्या आवारापाशी ओळीने मांडलेल्या चुलींवर बिबिंगका भाजली जात असते.

बिबिंगका म्हणजे तांदळाच्या पिठाचा, नारळाच्या दुधाचा, अंडी आणि साखर घातलेला जाडसर घावन म्हणावा तर घावन, केक म्हणावा तर केक. मातीच्या उथळ खापरात केळीचे पान अंथरून त्यात सरसरीत पीठ ओतायचे, खापर निखाऱ्यांवर ठेवायचे आणि वर पत्र्याचे झाकण घालून त्या झाकणावरही निखारे पसरायचे. खालून पान करपते, वरून पीठ फुगून तांबूस होते, आणि करपलेल्या पानाचा धुरकट सुगंध आतल्या गोडाला चढतो. वर खारवलेल्या बदकाच्या अंड्याची चकती, म्हशीच्या दुधाचे पांढरे चीज, लोणी आणि खवलेला नारळ. गोडावर खारे घालण्याची ही रीत मराठी जिभेला प्रथम चमत्कारिक वाटेल. पण पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्याने या बाबतीत फार हरकत घेऊ नये.

खाली-वर निखारे ठेवण्याची ही युक्ती एकट्या फिलिपिन्सची नव्हे. छत्तीसगढात अंगाकर रोटी अशीच होते. तांदळाचे पीठ, बहुधा रात्रीच्या उरलेल्या भातासह मळून, पळसाच्या किंवा केळीच्या पानांत दडवून निखाऱ्यांत भाजतात. ओडिशातील पोडपिठा पानांत गुंडाळून मंद विस्तवावर कित्येक तास ठेवतात. कोकणातील पानगी तव्यावर होत असली तरी दोन पानांच्या मधलीच. आणि धोंडस करताना झाकणावर विस्तव ठेवल्याखेरीज वरचा थर लाल होत नाही, हे भट्टीचा ओव्हन घरात येण्यापूर्वीच्या सर्व गृहिणींना ठाऊक होते. गोव्यातील बेबिंकाही याच विद्येवर अवलंबून आहे, परंतु तिचा मामला निराळा: मैदा, अंड्यांचे बलक, नारळाचे घट्ट दूध, साखर, तूप आणि जायफळ यांचे पीठ पळीपळीने ओतून एकेक थर वरच्या आचेने भाजत जायचे, असे सात किंवा त्याहून अधिक थर चढेपर्यंत, घाई केली की थर एकमेकांत मिसळतात. गोव्याच्या या बेबिंकाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. नावांच्या साम्यावरून गोव्याने फिलिपिन्सला दिली की फिलिपिन्सकडून घेतली, असा वाद मधूनमधून रंगतो. त्याचा निर्णय लागलेला नाही आणि तो लागेपर्यंत उपाशी राहण्याचे कारण नाही. पदार्थ म्हणून पाहिले तर एकीत तांदूळ आहे आणि दुसरीत मैदा, एक न्याहारीची आहे आणि दुसरी मेजवानीची. मला विचाराल तर डिसेंबरच्या सकाळी पहिलीच श्रेष्ठ.

भिलाईत ती करावयाची तर मोठीशी तजवीज लागत नाही. दोन वाट्या तांदळाची बारीक पिठी, तितकेच नारळाचे दूध, पाऊण वाटी साखर, तीन अंडी, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूट मीठ आणि दोन चमचे वितळलेले लोणी एवढे साहित्य एका मध्यम डब्याला पुरते. केळीचे पान विस्तवावर धरून मऊ करून घ्यावे, म्हणजे ते डब्याच्या कडांना न चिरता बसते. ओव्हन 190 अंशांवर तापवून पंचवीस-तीस मिनिटे, आणि शेवटची चार मिनिटे फक्त वरची सळई लाल करून. पिठी बाजारची कोरडी घेण्यापेक्षा तांदूळ रात्रभर भिजवून सकाळी त्या नारळाच्या दुधातच वाटला तर पोत कितीतरी सुधारतो; मुळात फिलिपिन्समधील रीतही भिजवून वाटण्याचीच होती. छत्तीसगढातील सुगंधी दुबराज या कामास उत्तम. धमतरी जिल्ह्यातील नगरीच्या दुबराजाला 2023 मध्ये मानांकन मिळाले आहे. सरगुज्याचा जीराफूल, ज्याला ते 2019 मध्येच मिळाले, तोही चालेल, पण इतका किंमती दाणा वाटणात घालणे जिवावर येते. खारवलेले अंडे नसेल तर घरचे ताजे पनीर, मीठ लावून दाबलेले, किसून घालावे. चीजच्या प्लास्टिकच्या चकत्या मात्र कृपा करून घालू नयेत.

त्याच चर्चच्या आवारात, बिबिंगकेच्या शेजारच्या चुलीवर, बांबूच्या नळ्यांतून वाफ निघत असते. जांभळ्या तांदळाचे ओलसर पीठ त्या नळ्यांत सैल भरून उभ्याच उकडतात, बाहेर ठोकून काढतात आणि त्या जांभळ्या कांडीवर लोणी, खोबरे आणि गुळासारखी काळसर साखर पसरतात. हिचे नाव पुतो बुंबोंग. ज्याने मल्याळी शेजाऱ्याकडे पुट्टू खाल्ला आहे त्याला ही कृती सांगण्याची गरजच नाही. नळी पूर्वी बांबूची होती, आता पितळेची किंवा स्टीलची झाली इतकेच. तेव्हा भिलाईत पुतो बुंबोंग हवा असेल तर पुट्टूची नळी उसनी आणावी, आणि नळीबरोबर नळीच्या मालकिणीलाही आणता आले तर अधिक बरे, कारण पिठात पाणी किती शिंपडायचे हे बोटांनाच समजते: मूठ आवळली की गोळा व्हावा आणि दाबला की पुन्हा चुरा व्हावा.

येथपर्यंतचे सर्व आपल्या नेहमीच्या तांदळात साधते. पुढचे जे पदार्थ आहेत त्यांत मात्र तांदळाची जात बदलते, आणि हा भाग नीट समजून घेतला नाही तर सारा खटाटोप वाया जातो. तांदळाच्या पिष्टात दोन द्रव्ये असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. पहिले जितके अधिक तितका भात मोकळा आणि निवल्यावर टणक. ते जवळजवळ नसलेच तर दाणे परस्परांना बिलगून लवचिक गोळा बनतो. आग्नेय आशियातील, चीन-जपानमधील बहुतेक मिठाई या दुसऱ्या, चिकट जातीवर आधारलेली आहे: जपानचा मोची, थायलंडचा आंबा-भात, चिनी नववर्षाची वडी आणि फिलिपिन्सचे बिको, सुमान, पलिताव. हा तांदूळ भारतात होत नाही असे पुष्कळांना वाटते, पण आसामात बोरा जातीचा तांदूळ पिढ्यान्‌पिढ्या पिकतो आणि मणिपूरचा काळा चाक-हाओ, ज्याला 2020 मध्ये मानांकन मिळाले, तोही चिकटच आहे. दोन्ही आता टपालाने घरपोच येतात.

बिको म्हणजे थोडक्यात त्यांचा नारळीभात. चिकट तांदूळ शिजवून घ्यायचा. दुसरीकडे दोन वाट्या नारळाच्या दुधात दीड वाटी गूळ विरघळवून आटवायचा. त्यात दोन वाट्या तांदळाचा भात घालून कढईची कड सुटेपर्यंत ढवळायचा, आणि केळीच्या पानावर थापून वर लातिक पसरायचे. लातिक म्हणजे नारळाचे दाट दूध आटवीत नेले असता तेल सुटून तळाशी जे खमंग तांबूस दाणे उरतात ते. आपल्याकडे नारळीभाताचा दाणा मोकळा राहिला नाही तर सुगरणीची मान खाली जाते. तेथे तो मोकळा राहिला तर पदार्थ बिघडला. नियम मात्र दोन्हीकडे एक: भात पूर्ण शिजल्याशिवाय त्याला गूळ दाखवू नये, नाहीतर दाणा तसाच टणक राहतो आणि मग कितीही वाफ दिली तरी शिजत नाही. गूळ कवर्ध्याकडचा मिळाला तर उत्तम. वर तिळाऐवजी बस्तरच्या जंगलातील चारोळी भुरभुरली तर फिलिपिनी माणूस ते ओळखणार नाही, पण नाकारणारही नाही.

या तांदळाच्या प्रकरणात फिलिपिन्स आणि छत्तीसगढ यांची एक जुनी रुजवात आहे, जी स्वयंपाकघरातली नसली तरी येथे नोंदविण्याजोगी आहे. मनिलाजवळील लॉस बान्योस येथे 1960 मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली आणि 1966 मध्ये तिने आयआर-8 ही बुटकी, भरघोस उत्पन्नाची जात बाहेर काढली. त्या वेळी कटकच्या मध्यवर्ती भात संशोधन संस्थेचे संचालक असलेले डॉ. आर. एच. रिछारिया यांनी परकीय बियाणे पुरेशा तपासणीवाचून घाईने देशात आणण्यास विरोध केला, आणि त्यांना ते पद सोडावे लागले. पुढे सत्तरच्या दशकात रायपूरला राहून त्यांनी खेड्यापाड्यांतून, शेतकऱ्यांच्या ओंजळीतून, 19,000 च्या घरात धानाचे नमुने जमविले. प्रत्येकाचे नाव, दाण्याचा आकार, पिकण्याचा काळ यांची नोंद केली. तो संग्रह आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आहे. 2002 च्या अखेरीस एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी त्याविषयी करार होण्याची वार्ता फुटली, तेव्हा एवढा गहजब झाला की तो बेत सोडून द्यावा लागला. एका दाण्यापासून अदिरसम होतो की अइरसा, खीर होते की चौसेल्याची पुरी, याचा निर्णय या हजारो जातींनी केला आहे. प्रत्येक शेतात एकच जात लावली तर मिठाईही एकच उरेल. छत्तीसगढातील ग्रामीण बायका देहरौरीसाठी आजही तांदूळ पारखून घेतात. ही देहरौरी भिलाईच्या प्रत्येक मेळाव्यात असावी असा माझा आग्रह आहे: तांदूळ भिजवून, वाळवून, रवाळ दळायचा, त्याला तुपाचे मोहन चोळायचे, दह्यात कालवून रात्रभर आंबू द्यायचा, सकाळी लहान चकत्या तुपात तळून साखरेच्या पाकात सोडायच्या. बाहेरून कुरकुरीत, आतून रसाने भरलेली आणि मागे दह्याचा पुसट आंबटपणा ठेवणारी ही मिठाई शहरी दुकानांत क्वचितच दिसते. रायपूरला महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात 2016 साली सुरू झालेल्या ‘गढकलेवा’ या उपाहारगृहात असे छत्तीसगढी पदार्थ मिळतात. करणे जमत नसेल त्याने निदान तेथून चव घेऊन यावी.

पलिताव हा या सर्वांत करायला सोपा आणि, माझ्या मते, आपल्या जिभेला सर्वांत लवकर रुचणारा प्रकार. चिकट तांदळाच्या दोन वाट्या पिठात सुमारे वाटीभर पाणी घालून मऊ गोळा मळायचा, त्याच्या चपट्या जिभा उकळत्या पाण्यात सोडायच्या, तरंगून वर आल्या की काढून ताज्या खोबऱ्यात घोळवायच्या, आणि वाढताना भाजलेल्या तिळाचे कूट घातलेली साखर वर पसरायची. तरंगणे हीच शिजल्याची खूण. म्यानमारात नववर्षाच्या जलोत्सवात गुळाचा खडा पोटात घेतलेले गोळे असेच तरंगवतात, आणि थट्टेखातर एखाद्यात मिरची दडवतात. जावा बेटावरील क्लेपोन हिरवा असतो, आत ताडगूळ, बाहेर खोबरे. चिनी लोकांचे तीळ भरलेले गोळे गरम पाण्यासकट वाटीत येतात. पारीत सारण भरून उकडण्याच्या या सर्व तऱ्हा पाहिल्या की आपल्या उकडीच्या मोदकाचा दिमाख लक्षात येतो. कारण चिकट पिठाला आकार देणे सोपे, पण आपल्या साध्या पिठीला आधी उकड काढून, तेल-पाण्याच्या हाताने मळून, कळ्या पाडण्याइतकी लवचिक करणे हे कौशल्याचे काम आहे. पलिताव साध्या पिठीचा करायचा असेल तर हीच उकड काढावी; कच्च्या पिठाच्या जिभा पाण्यात विरघळून पेज होईल.

फिलिपिन्सचा जो गडद जांभळा हलवा चित्रांत सर्वांचे लक्ष वेधतो, तो उबे नावाच्या कंदाचा. हा कंद म्हणजे आपले कोनफळ. हिवाळ्यात उंधियोसाठी गुजराती मंडळी आणतात तेच. उकडून, सोलून, किसून, नारळाचे दूध, आटवलेले गोड दूध आणि लोणी घालून दुधीहलव्यासारखे परतत राहावे. कोनफळ जितके जांभळे तितका रंग चांगला, बाटलीतल्या रंगाची आवश्यकता नाही. साल काढताना हाताला तेल लावावे, खाज सुटत नाही.

लेचे फ्लान या नावाने दबून जाण्याचे कारण नाही. ते अंड्यांच्या नुसत्या बलकाचे कॅरॅमल कस्टर्ड आहे, फक्त अधिक जड. हालो-हालो म्हणजे बर्फाच्या चुऱ्यावर गोड केलेली कडधान्ये, कंद, फळे आणि दूध. त्यात नारळाच्या पाण्यापासून बनणाऱ्या, 1949 मध्ये फिलिपिन्समध्येच निघालेल्या नाटा दे कोको या रबरी तुकड्यांना मान असतो. पदार्थ गमतीचा आहे, पण भिलाईच्या डिसेंबरात, जेव्हा मैत्रीबागेत फिरायला गेलेली माणसे स्वेटर घालून परततात, तेव्हा तो काढणे अप्रस्तुत. मे महिन्यासाठी राखून ठेवावा. आंबा-भाताचेही तेच, आंबा नसताना डब्यातल्या फोडींवर तो करणाऱ्यांविषयी मी मौन पाळतो.

तेव्हा मेळाव्यासाठी काय मांडावे? फिलिपिनी घरात 24 डिसेंबरच्या मध्यरात्री कुटुंब एकत्र जेवते, आणि वर्षअखेरच्या रात्री बारा महिन्यांच्या भरभराटीसाठी बारा गोल फळे मांडून चिकट गोड अवश्य खाते, कारण चिकट पदार्थाने माणसेही एकत्र राहतात अशी श्रद्धा. भिलाईत वीस-पंचवीस माणसांना चार जिन्नस पुष्कळ झाले: गरम बिबिंगका, बिको, पलिताव आणि देहरौरी, कोनफळाचा हलवा उत्साह असेल तर. चारांहून अधिक केले की प्रत्येकाचा एक घास होतो आणि कोणत्याच गोडाची ओळख पटत नाही. बिबिंगकेत अंडे आहे, उरलेल्या तिहींत नाही. वसाहतीत अंडे न खाणारी कुटुंबे पुष्कळ असल्याने ते भांडे वेगळ्या मेजावर ठेवून स्पष्ट चिठ्ठी लावावी, आणि बिबिंगका कापलेली सुरी देहरौरीत घालू नये. चिकट भाताचा घास लहान मुलांना आणि दात पडलेल्या वृद्धांना अगदी लहान करून द्यावा. जपानात दरवर्षी नववर्षाच्या मोचीने वृद्धांचा घसा अडकून दुर्घटना घडतात. नारळ आणि केळीची पाने सुपेल्याच्या किंवा पॉवर हाउसच्या बाजारातून आदल्या दिवशीच आणून ठेवावीत, आणि चिकट तांदूळ टपालाने मागवायचा असल्यास दहा दिवस आधी.

नारळाच्या दुधाचे कोणतेही गोड थंडीतही रात्रभर बाहेर ठेवू नये. बिको शीतकपाटात दोन दिवस राहते, पण निवल्यावर घट्ट होत असल्याने वाढण्यापूर्वी त्यास पुन्हा वाफ द्यावी लागते. पलिताव त्याच दिवशी संपवावा. अइरसे आणि अनारसे मात्र कोरड्या डब्यात आठ-दहा दिवस सहज टिकतात. तेव्हा पाहुण्यांना निघताना बरोबर काही बांधून द्यायचे असेल, तर तेच द्यावेत.